इमान मास्तर

इमान मास्तरांच्या घरात शिवी चालायची, पण 'बघू' चालायचं नाही.

कुणी रागाच्या भरात एखादी कचकचीत शिवी हासडली तर मास्तर फार तर चष्मा वर सरकवून त्याच्याकडे पाहायचे. पण "मास्तर, तुमची शिडी नेली होती ती... बघू, उद्याच्याला आणून टाकू" असं कुणी म्हटलं, की ते ओट्यावरून ताडकन उठायचे.

"काय बघू? कवा बघू? कोण बघणार? आणतो म्हण, न्हाईतर न्हाई आणत म्हण! बघू म्हंजी न्हाई बघणार!"

आता तुम्हीच सांगा, आपल्या माणसांचा निम्मा संसार 'बघू'वर चालतो की नाही? जेवायला येता का? बघू. स्थळ पसंत आहे का? बघू. समोरच्याचं मन न मोडता 'नाही' म्हणायची ती आपली रीत आहे. मास्तरांनी ती मोडीत काढली होती, आणि त्यापायी पिरंगुटातली बरीच मनंही मोडली होती. शेजारच्या कोंडाबाई एकदा पुतण्याच्या लग्नाचं बोलावणं घेऊन आल्या.

"मास्तर, लग्नाला रिहे गावात यायला लागतंय बरं का."

"न्हाई येणार. गुडघा दुखतोय. जीपमधी बसवत न्हाई."

कोंडाबाई पावसाळा सरेपर्यंत बोलल्या नाहीत. "बघू म्हनाया काय जीभ झडत हुती व्हय?" असं त्या मला, मास्तरांच्या भाडेकरणीला, कुंपणावरून ऐकवायच्या, मास्तरांना ऐकू जाईल अशा बेतानं. पुढे लोणच्याची बरणी देऊन त्यांनीच तह केला. ती बरणी हातात धरूनसुद्धा मास्तर म्हणाले, "मीठ जास्त हाय."

त्यांचं खरं नाव इब्राहिम मुलाणी. पण मुळशीकडे विमानाला 'इमान' म्हणतात, आणि मास्तरांचा जन्म गेला विमानांत, म्हणून ते इमान मास्तर. गावाला आधी वाटायचं, ते विमान चालवत असत. एका म्हाताऱ्यानं ओट्यावर टेकून त्यांना विचारलेलं मी ऐकलंय.

"मास्तर, इमान हाकायला लई जोर लागतोय का?"

"मी हाकत न्हवतो. मी इमान खोलायचो, पुसायचो, आन परत लावायचो."

"मग मास्तर कशाचे?"

"पोरांना खोलाया-पुसाया शिकवायचो."

"असं व्हय," म्हणत म्हातारा उठला. त्याचा फार विरस झाला होता.

आम्ही परभणीकडचे. सातवीत माझी शाळा सुटली, धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी कुणी नव्हतं. लग्न झालं आणि यांना पिरंगुटच्या एका कारखान्यात हेल्परचं काम लागलं. तेव्हा पौड रस्त्याला नुकते कारखाने उभे राहत होते. माणसं येत होती, पण त्यांना राहायला खोल्या नव्हत्या. आम्ही कारखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणखी दोन बिऱ्हाडांबरोबर राहायचो, मधे साडीचा पडदा लावून. भूगावापासून भुकूमपर्यंत खोली विचारत फिरलो. सगळे गोड बोलायचे, चहा पाजायचे आणि म्हणायचे, "बघू." त्या 'बघू'वर विश्वास ठेवून आम्ही पुन्हा जायचो. पुन्हा चहा मिळायचा.

मास्तरांनी चहा दिला नाही. दारातच म्हणाले, "देतो. पण ती खोली माझ्या युनूसची हाय. तो आला की खाली करायची. कबूल का?"

हे सवयीनं म्हणाले, "बघू की."

"काय?"

मी पदर सावरून पुढे झाले. "कबूल आहे."

"बाईचं ध्यान जाग्यावर हाय," मास्तर म्हणाले, आणि किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली.

खोली मिळाली म्हणून मी त्या दिवशी मनातल्या मनात त्यांच्या कितीदा पाया पडले असेन. पण त्याच दिवसापासून एक धास्ती माझ्या मागे लागली. कुठला कोण युनूस, आखातात एका गॅरेजात बसगाड्या दुरुस्त करतो म्हणे. तो ज्या दिवशी येईल त्या दिवशी आम्ही परत पत्र्याच्या शेडमध्ये. म्हणून मी खाटेखालचं एक बोचकं कधी पूर्ण सोडलंच नाही.

मास्तरांचं घर मी पहिल्यांदा आतून पाहिलं तेव्हा हसू आवरेना. स्वयंपाकघराच्या भिंतीवर फळी, फळीला खिळे, आणि प्रत्येक खिळ्याखाली काळ्या रंगानं वस्तूचा आकार काढलेला. झाऱ्याखाली झाऱ्याचा, पळीखाली पळीचा. पळी तिच्या सावलीवर टांगायची. कुठली वस्तू जागेवर नाही हे लांबून एका नजरेत कळायचं, कारण तिची नुसती सावली दिसायची. पाण्याच्या टाकीचं झाकण उघडं असलं तर नळाला लाल फीत बांधलेली. फीत सोडल्याशिवाय नळाला हात लावायचा नाही. मशिदीत चपलांची अदलाबदल व्हायची, तर मास्तरांनी तिथल्या फरशीवर खडूनं चपला काढून ठेवल्या होत्या. लोक गमतीनं का होईना, त्यावरच चपला काढायचे.

"हे सगळं कशासाठी, मास्तर?" मी एकदा विचारलं.

"इमानाच्या पोटात एक पाना ऱ्हायला तर तो उद्या कुटं जाऊन अडकंल सांगता येत न्हाई. काम झालं की भिंतीकडं बघायचं. सावली दिसली, इमान उडत न्हाई. मग सायेब वरडू दे, न्हाईतर मंत्री येऊन बसू दे आत."

"पण इथं पळीच आहे."

"सवय काय इमान आन पळी बघून लागती व्हय?"

दुसरी गोष्ट म्हणजे 'दुसरी नजर'. परसात हत्यारांची एक खोली होती. दिवेलागणीला मास्तर तिला कुलूप लावायचे आणि हाक मारायचे, "पोरी, दुसरी नजर!" म्हणजे मी जाऊन ते कुलूप ओढून बघायचं. पहिल्या दिवशी मी चुलीपाशी होते. तिथूनच म्हणाले, "लागलंय की, मास्तर."

"बघितलं का?"

"दिसतंय."

मास्तर कुलपापाशीच उभे राहिले. "दिसतंय आन बघितलं, ह्या दोहोंच्या मदल्या भोकातनं इमान खाली पडतंय. बघितलं का न्हाई बघितलं?"

आता खोली गेली, असंच वाटलं. मी कशीबशी म्हणाले, "नाही बघितलं."

मला वाटलं, ओरडतील. तर म्हातारा चक्क हसला. "शाबास. आमच्या शाळेत हे वाक्य शिकाया पोरांना वरीस लागायचं."

मग ते चुलीपाशी येऊन पाटावर बसले आणि मला जसं कळेल तसं सांगायला लागले. ज्यानं काम केलं त्याचे डोळे त्या कामापुरते आंधळे असतात. त्याला वाटतं, मी केलंय म्हणजे झालंय. म्हणून विमानाचं नाजूक काम एकानं करायचं आणि दुसऱ्यानं हात लावून तपासायचं. पण दुसरा जर पहिल्याच्या तोंडाकडे बघून 'ठीक आहे' म्हणाला, तर दोन माणसं लावून उपयोग काय? पोरांना नट पिळायला चार दिवसांत शिकवता येतं. 'मी बघितलं नाही', 'मला येत नाही', 'माझ्याकडून हरवलं', ही तीन वाक्यं भीती न बाळगता म्हणायला शिकवण्यात सगळी नोकरी गेली. "वर बसलेल्या मान्साला ह्यातलं काय ठावं नसतंय," ते म्हणाले. "तो खिडकीतनं ढग बघतोय."

मी जन्मभर 'येत नाही' म्हणायला घाबरले होते. शाळेत घाबरले, सासरी घाबरले. आणि इथं 'नाही' म्हटलं म्हणून शाबासकी! त्या रात्री मला शांत झोप लागली.

कुलूप ओढून बघणं हे आधी मास्तरीणबाईंचं काम होतं. त्या वारल्यावर मास्तर काही दिवस स्वतःच कुलूप लावायचे, घराला एक वळसा घालून यायचे आणि परक्यासारखे येऊन तेच कुलूप ओढायचे. हे मला कोंडाबाईंनी सांगितलं. "मला वाटलं, म्हातारा येडा झाला," त्या म्हणाल्या. "मग म्या जायला लागले वडून बघाया. काय करतीस!"

आमच्या यांची सवय सुटता सुटेना. तोंडातून 'ब' निघून जायचा आणि मग धांदल. "ब... बरं, करतो." "ब... बादली आणतो." एकदा नुसतंच "ब" म्हणून बाहेर निघून गेले. पण हळूहळू फरक पडला. कारखान्यात सुपरवायझरनं एकदा विचारलं, "प्रेसचं तपासलंस ना रे?" सगळे 'हो' म्हणायचे तसं न म्हणता हे म्हणाले, "नाही, अजून नाही बघितलं." सुपरवायझरनं पाहिलं आणि म्हणाला, "मग बघ." एवढंच. घरी येऊन हे जेवताना तीनदा म्हणाले, "नाही म्हटलं, आणि काही झालं नाही गं!"

अशा या घरातल्या हत्यारांच्या फळीवर एकच सावली कायम उघडी होती. लहानशी, स्क्रू ड्रायव्हरची. बाकी सगळं जागच्या जागी. मी फळी पुसायला गेले की मास्तर म्हणायचे, "ती जागा राहू दे." एकदा मी विचारलंच, याचा स्क्रू ड्रायव्हर कुठं गेला?

मास्तरांनी 'बघू' तर नाहीच, पण आडपडदाही ठेवला नाही. सरळ सांगितलं. युनूस त्यांच्याच शाळेत, त्यांच्याच वर्गात शिकत होता. हात फार चांगला. पोरं आपापली हत्यारं वापरायची, ज्याच्या त्याच्या मुठीला ज्याचा त्याचा रंग. शेवटच्या परीक्षेचं काम एका खऱ्या विमानावर होतं, दुसऱ्या दिवशी ते उडायचं होतं. संध्याकाळी हत्यारं फळीवर लागली. एकही सावली उघडी नाही. पण युनूसच्या फळीवर एक मूठ दुसऱ्याच रंगाची, शेजारच्या वर्गातून आणलेली.

"म्या इचारलं, तुझा कुटाय? तर म्हणाला, बघतो. असंल कुटंतरी."

"मग?"

"मग सगळं इमान परत खोललं. पायलटच्या बुडाखाली, जितं इमान वळवायच्या दांड्याची सळी हलती, तितं पडला हुता. हवेत गेल्यावर तितं अडकला असता तर दांडा हलला नसता."

"आणि युनूसभाई?"

"नापास केला." मास्तर फळीकडे बघत होते. "हरवलं म्हणून न्हाई केला. हरवतंय की, माझंबी हरवलंय. दुसऱ्याचा आणून जागा भरली म्हणून केला. हरवला म्हणाला असता तर पास केला असता."

युनूस आपली सगळी हत्यारं घरच्या या फळीवर लावून निघून गेला. विमानात सापडलेला तो एक स्क्रू ड्रायव्हर तेवढा बरोबर घेऊन गेला.

वर्षातून दोनतीनदा बाजारातल्या धान्याच्या दुकानात त्याचा ट्रंककॉल यायचा. दुकानाचा नोकर धावत यायचा, मास्तर टोपी घालायचे आणि मला म्हणायचे, "चल, दुसरी नजर." ट्रंककॉलला कसली नजर? पण मी जायचे. मास्तर रिसीव्हर दोघांच्या मधे धरायचे, माझाही कान लागेल असा.

"युनूस, कवा येतोस?"

तिकडून खरखर, आणि खरखरीतून आवाज यायचा, "बघू, अब्बा."

दुकानातली गिऱ्हाईकं एकमेकांकडे बघायची. आता म्हातारा भडकणार! पण मास्तर रिसीव्हर हलकेच ठेवायचे. परत येताना वाटेत मला विचारायचे, "काय म्हणाला? नीट ऐकलंस?"

"बघू म्हणाले."

"व्हय. मलाबी तसंच ऐकू आलं."

अख्ख्या तालुक्यात 'बघू' म्हणायची मुभा असलेला तो एकटा माणूस. मला खोटं लिहायचं नाही, त्या 'बघू'नं मला दर वेळी हायसं वाटायचं. खोली राहिली! आणि मग शेजारून चालणाऱ्या म्हाताऱ्याकडे बघवायचं नाही.

एकदा मी पंपावरून पाणी घेऊन आले तर मास्तर आमच्या खोलीत काळ्या रंगाचा डबा घेऊन बसलेले. माझं लाटणं, उलथनं, चिमटा भिंतीला लावून त्यांच्या कडेनं ब्रश फिरवत होते.

"मास्तर, भिंत कशाला खराब करता? आम्ही काय, आज आहे उद्या नाही."

"चिमटा सरळ धर," ते म्हणाले. "जागा रंगवली की वस्तू घरची. मग ती हरवली तर घर हुडकतंय."

मला वाटलं, ही पण त्यांची एक शिस्त. मी चिमटा सरळ धरला.

आणि मग एक ट्रंककॉल आला. मास्तरांनी नेहमीचं विचारलं. खरखर झाली. आवाज म्हणाला, "येतो, अब्बा. ईदच्या आधी."

रिसीव्हर ठेवून मास्तर तसेच उभे. "काय म्हणाला?"

"येतो म्हणाले."

"बघू न्हाई म्हणाला?"

"नाही."

"नीट ऐकलंस?"

"नीट ऐकलं, मास्तर."

त्यांनी दुकानातल्या दुकानात शेवया घेतल्या, खारका घेतल्या, आणि एवढं सगळं घेऊन पिशवी तिथंच विसरून निघाले. मी ती उचलली. चालताना मला रस्ता नीट दिसत नव्हता.

युनूस आला त्या दिवशी दुपारी मी बोचकं पूर्ण बांधलं. यांना सकाळीच सांगितलं होतं, शेडमध्ये कोपरा आहे का विचारून या. लाटणं काढलं, उलथनं, चिमटा काढला. भिंतीवर नुसत्या सावल्या राहिल्या. मी त्यांच्याकडे पाठ करून बसले.

सिटी बसमधून उतरून तो चालत आला. मास्तरांसारखाच उंच, डोक्यावरचे केस मात्र विरळ होत आलेले. बापलेक ओट्यावर समोरासमोर बसले. बोलणं प्रवासाचं, गुडघ्याचं, कोंडाबाईंच्या लोणच्याचं. दिवेलागणीला मास्तर परसात गेले. कुलूप लागल्याचा आवाज आला. मी सवयीनं उठले, तर युनूस माझ्याआधी परसात पोचला होता. त्यानं कुलूप ओढलं, आणि कुणी विचारायच्या आत म्हणाला, "बघितलं."

परत वळताना मास्तरांची नजर आमच्या उघड्या दारातून भिंतीवर गेली.

"लाटणं कुटाय?"

"बांधलं, मास्तर. खोली युनूसभाईंची आहे. तुम्ही पहिल्याच दिवशी..."

"त्याची खाट माझ्या खाटंशेजारी टाकलीया. तुला बांधाया कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"ह्या जागा कुणी रंगवल्या?"

"तुम्ही."

"मग लाव परत. घरात उघडी सावली मला सोसत न्हाई." आवाज जरा खाली आला. "एक हाय ती बास झाली."

ओट्यावर परतलेल्या युनूसनं ते ऐकलं. तो उठून दारात आला. आत यावं की नको अशा विचारात उंबऱ्यापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "अब्बा, तो स्क्रू ड्रायव्हर हरवला."

मास्तर दोन पावलं त्याच्याकडे सरकले.

"तिकडं खोली बदलताना. लई शोधला. दुसरा आणून लावता आला असता, पण... न्हाई आणला. हरवला."

"समदीकडं बघितलंस?"

"बघितलं."

मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. मी बोचक्याची गाठ सोडायला लागले. ती सुटत नव्हती, फार घट्ट बांधली होती. कोंडाबाई कुंपणापलीकडे उगाचच कोंबड्यांना हाकत होत्या. त्यांच्या कोंबड्या केव्हाच खुराड्यात गेल्या होत्या.

"किती दिस हायेस?" मास्तरांनी विचारलं.

युनूस चाचरला. सवयीनं त्याच्या तोंडातून गेलंच, "बघू, अब्बा." आणि तो स्वतःच दचकला. मीही दचकले. कुंपणापलीकडचं शुक् शुक् थांबलं.

मास्तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला आत घेऊन गेले.

"बरं," ते म्हणाले, "बघू."